आरामात वर्षभर

दुपारी पावणेतीनला बायकोचा फोन आला तेव्हा तो दातांच्या लॅबमध्ये एका म्हाताऱ्या बाईच्या कवळीत समोरचे दात बसवत होता. चौथा दात मेणात टेकवून झाला होता, पाचव्यासाठी सुरी बर्नरवर तापत होती. फोन खांद्याशी दाबून धरत तो नुसतंच "हं" म्हणाला. "आज डॉक्टरीणबाई भेटल्या," बायको म्हणाली. "कुठल्या?" "जावयाच्या. औषधांच्या दुकानात. बराच वेळ बोलत उभ्या होतो आम्ही." तिच्या मागे नळ चालू होता, तो तिने बंद केल्याचं ऐकू आलं. "लवकर याल का आज?" "का गं?" "काही नाही. या." फोन ठेवून त्याने सुरी उचलली ती पात्याकडून. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बोट भाजलंय हे कळायला जरा वेळच लागला. आधी वास आला, मग आग झाली.

जावई म्हणजे त्यांचा कुत्रा. मुलीने चौदा वर्षांपूर्वी शाळेच्या जिन्याखालून उचलून दप्तरात घालून आणलं होतं ते पिल्लू. घरात सोडल्याबरोबर कुणाकडे ढुंकूनही न बघता ते सगळ्यात चांगल्या खुर्चीवर चढून बसलं, आणि बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली होती, "आले बघा जावईबापू! आता ह्यांना काय हवं-नको ते बघा." तेच नाव पडलं. आणि त्याने ते सार्थही केलं. जेवण उशिरा मिळालं की भिंतीकडे तोंड करून बसायचा, मनधरणी केल्याशिवाय वाडग्याला तोंड लावायचा नाही. त्याला फिरवायला नेणाऱ्या ह्याला समोरच्या इमारतीचा वॉचमन 'सासरेबुवा' म्हणायचा. पुढे मुलगी नोकरीसाठी लांब गेली, तिथेच लग्न करून राहिली, आणि खरा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा कुत्र्याला हाक कशी मारायची असा पेच पडला. चार दिवस दोघं नवराबायको त्याला "अहो, इकडे या" म्हणत होती आणि कुत्रा बुचकळ्यात पडून प्रत्येक "अहो"ला उठून येत होता. त्या चार दिवसांइतकं हसणं त्या घरात त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. खरा जावई परत गेला. हा राहिला. राहिला तो आठ आठवड्यांपूर्वीपर्यंत.

"काका, भाजलं का? बघू." शेजारच्या टेबलावरची सिरॅमिकचे दात करणारी मुलगी उठून आली होती. तिने नळाखाली त्याचं बोट धरलं. "लक्ष कुठे होतं? जावयाची आठवण आली ना?" गेले आठ आठवडे हे असंच चाललं होतं. हातून काही चुकलं की दुःखाच्या खात्यावर जात होतं. पहिल्या आठवड्यात मालकांनी स्वतः येऊन पाठीवर हात ठेवला होता, "माणसासारखं केलंत हो त्याचं. आजकाल आईबापांचं करत नाहीत कुणी." त्याने मान खाली घातली होती. खोटं बोलायला फारसं बोलावं लागत नाही हे त्याला तेव्हा कळलं. मान खाली घातली की अर्धं काम होतं, उरलेलं समोरचा माणूस स्वतःच करतो. लॅबमध्ये, इमारतीत, नात्यात सगळीकडे एकच हकिकत गेली होती: किडन्या गेल्या, तीन दिवस अन्नाला शिवला नाही, डॉक्टरांनी हात टेकले. मुलीला फोनवर त्याहून सोपी सांगितली होती: झोपेतच गेला. ती रडली, आणि रडता रडता म्हणाली, "बाबा, तुम्ही होतात त्याच्याजवळ, ते बरं झालं." हे वाक्य त्याने इतक्या वेळा मनात घोळवलं होतं की आता त्यातला शब्दन् शब्द सुटा झाला होता. होतात. जवळ. बरं.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या असतील? दात बसवता बसवता तो त्यांच्या तोंडी वाक्यं घालू लागला. 'फार वाईट वाटलं हो.' एवढंच असेल. एवढंच असायला काय हरकत होती? पण एवढ्यासाठी बराच वेळ लागत नाही. बाई नीटस होत्या, प्रत्येक जनावराची फाइल ठेवणाऱ्या. जावयाची फाइल हिरवी होती. त्या फाइलमध्ये सगळं होतं. त्याच्या हकिकतीत नव्हतं ते सगळं.

किडन्या कमजोर झाल्या होत्या हे खरं होतं. मागचे पाय लुळे पडत चालले होते, डोळ्यांत दुधाळ पडदा आला होता, हेही खरं. पण बाईंनी हात टेकले नव्हते. उलट त्यांनी त्यालाच हाताशी धरलं होतं. एक दिवसाआड कातडीखाली सलाईन द्यायचं होतं आणि त्यासाठी सारखं दवाखान्यात येणं नको म्हणून त्यांनी त्याला शिकवलं. मानेमागची कातडी चिमटीत तंबूसारखी उचलायची, सुई आडवी घालायची, बाटली उंच धरायची. पहिल्याच खेपेला त्याला जमलं. "तुमचे हात काय छान आहेत!" बाई म्हणाल्या. आयुष्यभर त्याच्या हातांचं कौतुक ज्यांनी करायचं त्यांच्या तोंडात दात नसायचे. त्यामुळे तो लहान मुलासारखा लाजला होता. पाच आठवडे त्याने ते केलं. बायको बाटली धरायची, तो सुई. पाणी कातडीखाली साचून जावयाच्या खांद्यावर उंटासारखी मदार यायची आणि मग ती हळूहळू एका पायात उतरायची. तो सगळा वेळ कुत्रा त्याच्या मांडीवर हनुवटी ठेवून पडलेला असायचा, सुईची तक्रार न करता. त्याला वाटायचं, आपण चांगले आहोत. असं वाटणं त्याच्या वाट्याला क्वचितच आलं होतं आणि त्याची त्याला चटकही लागली होती.

मग मेहुणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं आणि बायको बहिणीकडे गेली. शुक्रवारी परत यायचं ठरवून गेली. घरात तो आणि जावई. सकाळी उठून आधी फरशी पुसायची. कामावर जाण्याआधी जुन्या चादरी अंथरायच्या. संध्याकाळी दार उघडलं की वास. चादरी भिजवायच्या, फरशी पुन्हा पुसायची, त्याचे मागचे पाय धुवायचे, कारण तो त्यातच बसलेला असायचा. शिजवून भरवायचं. बाटली खिळ्याला टांगून एकट्याने सुई घालायची. हात धुतले तरी वास जात नव्हता. कवळीचं प्लास्टिक कालवायच्या ज्या द्रवाच्या वासात दिवसभर नाक बुडालेलं असायचं, ज्याने नव्या माणसाचं डोकं उठतं, त्या द्रवालाही हा वास हटवता आला नाही.

बुधवारी सकाळी अकराला बाईंचा फोन आला होता. आवाजातच हसू होतं. "रक्ताचा रिपोर्ट आलाय. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. खूपच सुधारणा आहे! ही सगळी तुमची मेहनत. असंच चालू ठेवलंत ना, तर आरामात वर्षभर काढेल." तो म्हणाला, "अरे वा!" फोन ठेवला आणि पॉलिशच्या चाकासमोर जाऊन बसला. चाक फिरत होतं, हातात कुणाची तरी खालची कवळी होती, आणि तो ती चाकाला लावत नव्हता. आरामात. वर्षभर. त्याने गुणाकार केला नाही, पण तो आपोआप झाला. सातशे तीस वेळा फरशी. सगळे म्हणत होते की तो कुत्र्याच्या मरणाला घाबरला होता. आजवर कुणालाही, अगदी स्वतःलाही, तो हे सांगू शकला नव्हता की मरणाची तर त्याने सवय करून घेतली होती. दोन-चार आठवड्यांचा प्रश्न आहे, या हिशेबावर तो चांगला होता. त्याचा चांगुलपणा तेवढाच शिवलेला होता. वर्षभराची बातमी आली आणि तो टराटरा उसवला.

त्याच संध्याकाळी बायकोचा फोन आला. "ताईला अजून बरं वाटत नाहीये. मी पुढच्या बुधवारी येते." तो म्हणाला, "ये सावकाश." रिपोर्टचं त्याने सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते तेव्हा त्यालाही कळलं नव्हतं. फोन ठेवून वळतो तर नुकत्याच पुसलेल्या फरशीवर जावई पुन्हा उभा, मागचे पाय फाकलेले, खाली पसरत चाललेलं डबकं. त्याच्या हातात ओलं फडकं होतं. त्याने ते मारलं. एकदा नाही, तीनदा. "मर ना! मर ना एकदाचा!" असं कुणीतरी ओरडत होतं आणि तो आवाज त्याचा होता. जावई ओरडला नाही. दिसत नसल्यामुळे मार कुठून आला ते त्याला कळेना. तो मान वळवून वळवून शोधत राहिला, आणि मग त्या लुळ्या पायांनी घसरत घसरत, जिथून मार येत होता तिथेच, त्याच्याच पायांशी, आडोशाला येऊन बसला.

तेवढं आठवलं की इथे तो नेहमी थांबायचा. पुढचं आठवायला त्याला भीती वाटत नव्हती; पुढचं सगळं स्वच्छ होतं, चाकावर घासून घेतल्यासारखं. गुरुवारी डॉक्टरीणबाईंची सुट्टी असते हे त्याला माहीत होतं. बदली डॉक्टर असतात, ते जावयाला ओळखत नव्हते. सकाळी त्याने अंडं उकडलं, हाताने भरवलं, आणि जावयाने ते सगळं खाल्लं, बोटांसकट चाटून. मग टॅक्सी. मांडीवर चादरीत गुंडाळलेला जावई खिडकीच्या वाऱ्यात नाक वर करून बसला होता, फिरायला निघाल्यासारखा. "तीन दिवस काही खाल्लेलं नाही," त्याने बदली डॉक्टरांना सांगितलं. "रात्ररात्र विव्हळतो. बघवत नाही हो." आणि तो रडला, ते रडणं खरं होतं, हीच त्यातली सगळ्यात घाणेरडी गोष्ट. डॉक्टर तरुण होते, सौम्य होते. त्यांनी फाइल उघडली नाही. त्यांनी जावयाचं तोंड वर केलं, हिरड्या बघितल्या. हनुवटीच्या पांढऱ्या केसांत अंड्याचा पिवळा बलक वाळून चिकटला होता. डॉक्टरांनी कापसाचा बोळा ओला केला, तो बलक नीट पुसून काढला, बोळा टोपलीत टाकला, आणि म्हणाले, "तुम्ही आत थांबणार की बाहेर?" त्यांनी पाहिलं होतं, समजलं होतं, की नुसतंच पुसलं होतं? त्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. नंतर कितीदा तरी त्याला वाटलं, जाऊन विचारावं. आणि विचारायचं काय? तो आत थांबला. शेवटच्या सुईसाठी कातडी त्यानेच उचलून धरली.

पाच वाजता त्याने टेबल आवरलं. सिरॅमिकवाली म्हणाली, "काका, ही बघा, तुमची कवळी हसतेय." खरंच, डावीकडचे दात वर चढले होते, बाई ती घालून मैतालाही गेली असती तरी हसताना दिसली असती. त्याने सगळे दात उपटून मेण पुन्हा वितळवलं, साचा कपाटात ठेवला आणि निघाला. पायी निघाला. बसने वीस मिनिटं लागली असती आणि वीस मिनिटं त्याला फार कमी वाटत होती. चपला शिवणारा, चाव्या करणारा, बाकडी रंगवलेली बाग, जिच्या फाटकाशी जावई दरवेळी आत जायचं की नाही याचा विचार करत उभा राहायचा. आता फाटकाशी ह्याला कुणी ओळख देत नव्हतं. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं व्हायचं ते सगळे कुत्र्याकडे बघून थांबणारे होते. वॉचमनने हात वर केला, 'सासरेबुवा' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. चालता चालता तो उत्तरं तयार करत होता. 'डॉक्टर काय, काहीही म्हणतात.' नको. 'तू नव्हतीस इथे.' हे चांगलं होतं, धारदार होतं, पण त्यानंतर भांडण झालं असतं आणि भांडणात तो खरं बोलून गेला असता. मग जिना चढताना, दुसऱ्या मजल्यावर, त्याला एकाएकी हलकं वाटलं. सांगून टाकू. बुधवारचा फोन, फडकं, अंडं, सगळं. ती ओरडेल, उठून आतल्या खोलीत जाईल, कदाचित महिनाभर बोलणार नाही. होऊ दे. आठ आठवडे लोकांचं कौतुक गिळून गिळून त्याची जीभ कडू झाली होती. कुणीतरी थोबाडीत मारायला हवी होती, आणि ते काम करण्यालायक एकच माणूस होतं.

बायको टेबलाशी बसली होती. समोर दोन कप, चहा झाकलेला. त्याने पायातले बूटही काढले नव्हते.

"काय म्हणाल्या बाई?"

"बसा तरी."

तो बसला. तिने झाकण काढून कप त्याच्यासमोर सरकवला. "तुमचं फार कौतुक केलं त्यांनी. म्हणाल्या, इतकं करणारा माणूस बघितला नाही. रिपोर्ट चांगला आला होता, मग एकदम तीन दिवस खाणं कसं सुटलं, याचं त्यांना कोडं पडलंय. म्हणाल्या, होतं असं कधीकधी."

"ऐक," तो म्हणाला. "मला तुला काहीतरी सांगायचंय. तो रिपोर्ट—"

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"फाइलवर नंबर माझा आहे," ती म्हणाली. "त्यांनी आधी मला फोन केला होता. ताईकडे. बुधवारी सकाळी. मग म्हणाल्या, आता तुमच्या मिस्टरांनाही सांगते."

त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. बाहेर कुणीतरी जिन्यावरून पिशव्या सांभाळत वर चाललं होतं. मग पार वरच्या मजल्यावर दार लागलं.

"म्हणजे मी फोनवर तुला सांगितलं, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा..."

"हो."

"तेव्हाच तुला कळलं."

"तेव्हाच."

"आणि तू काही बोलली नाहीस. आठ आठवडे."

तिने कपाचा कान धरला आणि सोडला. "वर्षभर म्हणाल्या त्या. मी 'अरे वा' म्हटलं. मग ताईच्या न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसले. रडले. आनंदाने नाही." ती त्याच्याकडे बघत नव्हती, टेबलाच्या कडेकडे बघत होती, जिथे काहीच नव्हतं. "ताई तर दोन दिवसांत हिंडायला लागली होती. मी शुक्रवारी येऊ शकले असते. संध्याकाळी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही रिपोर्टचं काहीच बोलला नाहीत. वाट बघितली मी. बोलला नाहीत, तेव्हा मला कळलं."

"काय कळलं?"

"की मी आले नाही तर तुम्ही करून टाकाल."

त्याने चहाचा घोट घेतला. तो गार होता. बत्तीस वर्षांचा संसार, आणि ह्या बाईने त्याला इतकं नेमकं ओळखलं होतं, तेही ह्या एका गोष्टीत. त्याला वाटलं होतं थोबाडीत बसेल. त्याऐवजी तिने जणू आपली खुर्ची ओढून त्याच्या शेजारी आणून ठेवली होती. आणि त्याला ते नको होतं. हे पाप एवढे दिवस त्याचं एकट्याचं होतं. त्यात तो आणि जावई दोघंच होते, ओली फरशी होती, पायांशी आलेली ती ऊब होती. आता तिथेही ही येऊन बसली.

"मग आज कशाला सांगितलंस?" त्याचा आवाज चिरका निघाला. "न्यायचं होतंस तसंच पुढे."

"त्या तुमचं कौतुक करत होत्या," ती म्हणाली. "दुकानात, चारचौघांत. 'मिस्टर किती प्रेमळ आहेत तुमचे.' मी हो-हो करत होते. सगळेच करतात तुमचं कौतुक. तुम्ही खाली मान घालून घेता. मला ऐकवेना." मग जरा वेळाने, "तुम्हाला निदान कौतुक तरी मिळालं. मला लोक म्हणतात, अरेरे, शेवटची भेटसुद्धा झाली नाही तुमची."

तो हसला. हसू त्याला आवरेना, आणि तीही हसली, ओठ न उघडता, नाकाने. आणि दोघांनाही एकदमच त्या हसण्याची भीती वाटली. ती उठून कप उचलू लागली.

"पोरीला?" त्याने विचारलं.

"काय पोरीला? झोपेत गेला. सांगितलंय ना एकदा."

"त्याने अंडं खाल्लं होतं त्या दिवशी," तो म्हणाला. "सगळं."

"नको सांगू मला," ती म्हणाली. बत्तीस वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलली होती, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं. नळ सुटला. तिने कप विसळले, उलटे घातले, फडक्याने ओटा पुसला. पाठमोरी ती नेहमीसारखीच दिसत होती.

बूट काढायला म्हणून तो उठला. इतका वेळ एकाच बाजूने बसून राहिल्यामुळे असेल, उजवा पाय खाली ठेवला तो टेकलाच नाही. गुडघ्यातून जीव गेल्यासारखा दुमडला, आणि त्याने टेबल धरलं म्हणून वाचला. टेबल करकरलं. ती वळली. फडकं हातात तसंच ठेवून तिने त्याच्या पायाकडे बघितलं. मग त्याच्याकडे. नजरेत काळजी होती, नव्हती असं नाही. पण काळजीच्या आधी क्षणभर दुसरंच काहीतरी होतं, एक अंदाज, आणि तो अंदाज त्याने ओळखला, कारण बुधवारी चाकासमोर बसून त्यानेही तोच बांधला होता. घाईघाईने त्याने कंबर सरळ केली, टेबल सोडलं, दोन पावलं टाकून दाखवली.

"काही नाही," तो म्हणाला. "पाय अवघडला होता फक्त."

"मी कुठे काय म्हणाले?" ती म्हणाली.